‘कम्फर्टेबल कपडे घालून या’ म्हणजे नेमकं काय घालायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ठाण्यात सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवार-रविवारची सेल्फ डिफेन्सची बॅच सुरू होतेय. कराटेचा पाया, थोडं क्राव मागा (इस्रायली स्वसंरक्षणाची पद्धत), थोडं जमिनीवर पडून करायचं काम. बॅच बायका-पुरुषांची मिश्र, हॉलला टाइल्स. सरांचा मेसेज एवढाच, ‘कम्फर्टेबल कपडे घालून या.’ तुमच्या कपाटात लेगिंग आहेत, सलवार-कुर्ते आहेत, एक ट्रॅक पॅन्ट आहे. नणंद म्हणते कराटे ड्रेस घ्यावाच लागतो. नवरा म्हणतो जीन्समध्येच शिक, रस्त्यात प्रसंग आला तर अंगावर तीच असणार. शिवाय गळ्यात मंगळसूत्र, हातात बांगड्या, डोळ्यांवर चष्मा.

घरी बसायला बरे वाटणारे कपडे आणि क्लासला चालणारे कपडे यांत फरक आहे. पलाझो घरात सगळ्यात आरामाचा आणि क्लासमध्ये सगळ्यात वाईट. नव्या बायकांचे कपडे बघताना मी एकच गोष्ट बघते: तासाभरात हात कपड्यांकडे किती वेळा जातो? टी-शर्ट खाली ओढायला, पॅन्ट वर घ्यायला, ब्राचा पट्टा सरकवायला, ओढणी सावरायला. हात कपड्यात गुंतला की तो चेहऱ्यासमोर राहत नाही, आणि पहिल्या महिन्यात मुख्यतः तेच शिकवायचं असतं. एकीकडे पंच चुकवायला शिकायचं आणि दुसरीकडे पोट दिसतंय का याची काळजी करायची, हे दोन्ही एका वेळी जमत नाही. त्यामुळे ‘कोणता ड्रेस’ यापेक्षा ‘कशात मला कपड्यांचा विसर पडेल’ हे ठरवायचं आहे.

काही गोष्टी क्लासवर अवलंबून आहेत, त्या सरांना फोन करून विचारून घ्या. मॅट टाकतात का, आणि किती जाडीच्या? पडायला शिकवणार असतील तर किमान २५ मिमी, आणि उचलून टाकायचे डाव असतील तर ४० मिमीच्या मॅट मी धरते. ६ मिमीची योगा मॅट पडण्यासाठी नसते. अनवाणी करायचं की बूट घालून? जमिनीवरचं काम पहिल्याच आठवड्यात की महिन्याभराने? कपडे बदलायला जागा आहे का? मॅटचं उत्तर ‘नाही’ असेल आणि तरी ब्रेकफॉल, म्हणजे इजा न होता पडणं, शिकवणार असतील, तर कपड्यांचा विचार बाजूला ठेवून आधी तेवढं बोलून घ्या. टाइल्सवरच्या पडण्यातून कोणताही कपडा वाचवत नाही.

आता पॅन्ट. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

दुकानात मिळणारी साधी कॉटन लेगिंग बहुतेक वेळा ९५ टक्के कॉटन आणि ५ टक्के लायक्राची असते. कुर्त्याखाली ती ठीक. पण पूर्ण उकिडवं बसलं किंवा गुडघा छातीपर्यंत उचलला की मागचं कापड ताणून विरळ होतं आणि ट्यूबलाइटखाली आतलं दिसतं. शिवण उसवते तीही ठरावीक जागी, दोन्ही पायांच्या मध्ये, जिथे चार शिवणी एका बिंदूवर येऊन मिळतात. साइड किकचा सगळा ताण त्याच बिंदूवर येतो. व्यायामाच्या चांगल्या टाइट्समध्ये तिथे चौकोनी किंवा पानाच्या आकाराचा वेगळा तुकडा लावलेला असतो, त्यामुळे शिवणी एका जागी येत नाहीत. आपले शिंपी पायजम्याला मियानी लावतात ती याचसाठी. लेगिंग घ्यायचीच तर हा तुकडा आहे का बघा, आणि नायलॉन किंवा पॉलिस्टरमध्ये १५ ते २० टक्के स्पँडेक्स असलेलं जाड कापड घ्या. कमरेचा पट्टा चार बोटं रुंद हवा. बारीक इलॅस्टिक गुडघे मारताना खाली घसरतं.

ट्रॅक पॅन्ट तुमच्याकडे आहे, आणि बहुतेक तीच पहिल्या दिवसाची पॅन्ट ठरेल, पण तिची नीट तपासणी करा. खालची मोहरी घोट्याच्या जरा वर संपली पाहिजे. पायाखाली येणारी लांबी आणि रुंद मोहरी या दोन्हींत अंगठा अडकतो, कधी आपला, कधी पार्टनरचा. दुमडून वर केलेली पॅन्ट दहा मिनिटांत पुन्हा खाली येते, म्हणून टाका घालून आखूड करून घ्या. घोट्याजवळ चेन असेल तर ती पॅन्ट बाद. चेनचा दात मॅटही फाडतो आणि समोरच्याची नडगीही. खिसे ही दुसरी भानगड. उघड्या खिशात पार्टनरची बोटं जातात, तुम्ही त्याच वेळी वळता आणि बोट मुरगळतं. नवी पॅन्ट आणायची गरज नाही, सुई-दोऱ्याने खिशांची तोंडं शिवून टाका, पाच मिनिटांचं काम आहे. कमरेच्या नाडीच्या टोकाला धातूची टोपी असेल तर कापा, गाठ मारा आणि नाडी आत खोचा.

सलवार अगदी टाकाऊ नाही. तिचं आसन सैल असतं, त्यामुळे किक मारताना ती लेगिंगपेक्षा मोकळी पडते. अडचण घेराची आणि नाडीची. पतियाळा सलवारीच्या चुण्यांत पाय अडकतो. चुडीदार पोटरीला इतका घट्ट बसतो की गुडघा पूर्ण वाकवला की शिवण बोलू लागते. साधी, मध्यम घेराची, घोट्याशी अरुंद सलवार आणि नाडीला दुहेरी गाठ एवढं असेल तर पहिला महिना निघून जातो. वर कुर्ता मात्र गुडघ्याच्या वर संपणारा आणि कमरेपासून चिरलेला हवा. चीर खाली सुरू होत असेल तर किकच्या वेळी कुर्ताच पाय अडवतो.

शॉर्ट्स फक्त आत टाइट्स घालून. मॅटवर उघडे गुडघे आणि कोपर सोलवटतात. ज्यूदोच्या पोशाखाचंही असंच झालं. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान सुरू केलं तेव्हा त्या पोशाखाच्या बाह्या आणि पॅन्ट आखूड होत्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लांब झाल्या.

वरच्या कपड्यात नियम सोपा: जाडसर, अंगालगत पण घट्ट नाही, आणि लांबी इतकी की दोन्ही हात वर केले तरी पोट झाकलेलं राहील. सुती टी-शर्ट १८० जीएसएमच्या (दर चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा असेल तर ओढाताणीत टिकतो. त्याहून पातळ, धुऊन मऊ झालेला टी-शर्ट कॉलरला धरून ओढला की गळा छातीपर्यंत उतरतो आणि परत जागेवर येत नाही. पांढरा आणि फिकट रंग घामाने पारदर्शक होतो. छातीवर मोठं रबरी प्रिंट असेल तर ते मॅटला चिकटतं आणि पोटावर घसरताना टी-शर्ट मागेच राहतो. हुडी नको. हुडला आणि तिच्या दोरीला धरणं फार सोपं आहे, आणि ती थेट गळ्यावर येते.

सुती की पॉलिस्टर? मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत सुती टी-शर्ट अर्ध्या तासात चिंब होतो आणि जड पडतो. पॉलिस्टर लवकर वाळतं, पण वास धरून ठेवतं. उभ्याने पंच-किक असतील त्या दिवशी सुती चालेल. जमिनीवरचं काम असेल त्या दिवशी अंगाला चिकटून बसणारा पूर्ण बाह्यांचा स्पोर्ट्स टी-शर्ट, ज्याला रॅश गार्ड म्हणतात, तो उत्तम. तो वर चढत नाही, कोपर वाचतात, आणि दुसऱ्याचा घाम थेट कातडीला लागत नाही. मिश्र बॅचमध्ये अंगालगत कपड्यांचा संकोच वाटत असेल तर त्यावर सैलसर टी-शर्ट आणि टाइट्सवर गुडघ्यापर्यंतची शॉर्ट्स घाला. हा संकोच मी किरकोळ समजत नाही, कारण तोही हात कपड्यांकडे नेतो.

आतल्या कपड्यांबद्दल क्लासमध्ये कुणी बोलत नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. रोजची हुकांची ब्रा नको. पाठीवर पडलात की हुक नेमका मणक्यावर दाबतो, आणि तारेची ब्रा असेल तर मिठीतून सुटण्याच्या सरावात तार बरगडीत रुतते. डोक्यातून घालायची, हुक-तार-ॲडजस्टर नसलेली, पाठीवर पट्टे एकत्र येणारी स्पोर्ट्स ब्रा घ्या. दुकानात घालून तीन उड्या मारा आणि हात वर करा. खालचा पट्टा वर सरकला तर साइज मोठी आहे, खोल श्वास घेताना टोचला तर लहान. पाळीच्या दिवसांत गडद टाइट्स आणि वर शॉर्ट्स, म्हणजे चित्त त्यात अडकत नाही.

घेतलेला किंवा असलेला जोड घालून घरी आरशासमोर एवढं करून बघा. हात वर करून टाळी. दहा उठाबशा, पूर्ण खाली. प्रत्येक पायाने दहा वेळा गुडघा छातीपर्यंत. मग चटईवर उताणं झोपून कंबर वर उचला, कुशीवर वळा आणि हाताचा आधार घेऊन उठा. शेवटी घरातल्या कुणाला तरी खांद्याजवळ टी-शर्ट मुठीत धरून ओढायला सांगा. कुठे टोचलं, कुठे सरकलं, काय उघडं पडलं हे दोन मिनिटांत कळतं.

आता अंगावरून उतरवायच्या गोष्टी. यात मी कुणालाच सूट देत नाही, कारण इथे नुकसान कपड्यांचं होत नाही, शरीराचं होतं.

अंगठी सगळ्यात धोकादायक. मनगट सोडवताना ती पार्टनरच्या बाहीत किंवा चेनमध्ये अडकली आणि हात झटक्यात खेचला गेला, तर बोटाची कातडी सोलून निघू शकते. अंगठीवर टेप गुंडाळल्याने धार झाकते, अडकणं थांबत नाही. निघत नसेल तर हात काही मिनिटं वर धरा, बोट गार पाण्यात बुडवा, साबण लावा आणि फिरवत काढा. काचेच्या बांगड्या पहिल्याच ब्लॉकमध्ये फुटतात आणि तुकडे मॅटच्या फटीत जातात, जिथे पुढच्या बॅचची मुलं अनवाणी फिरणार असतात. सोन्याच्या बांगड्या आणि कडं फुटत नाहीत, पण पार्टनरच्या दातांवर किंवा आपल्याच मनगटाच्या हाडावर आपटतात.

मंगळसूत्र. बारीक सोन्याची चेन ओढली की तुटते, मणी हॉलभर. तारेत किंवा जाड दोऱ्यात ओवलेलं मात्र सहज तुटत नाही आणि मानेवर वळ उठतो. टी-शर्टच्या आत टाकणं हा उपाय नाही, कारण गळा धरण्याच्या सरावात हात तिथेच येतो. घरी काढून ठेवून या. सोनं क्लासला आणून पर्समध्ये ठेवणं म्हणजे आणखी एक काळजी. काढायचंच नसेल तर तो तुमचा निर्णय, पण सरांना आधी सांगा आणि गळ्याच्या पकडीचे सराव पार्टनरसोबत करू नका, फक्त हालचाल हवेत करा. गळ्यातला ताईत आणि मनगटावरचा जाड गंडा-दोरा यांनाही हेच लागू. पुरुषांनी करदोडा, त्यातही चांदीचा, काढून यावा.

जोडवी बायका विसरतात. अनवाणी असाल तर ती मॅटच्या सांध्यात अडकतात. सैल असतील तर काढा. निघतच नसतील तर ते बोट शेजारच्या बोटाला कापडी चिकटपट्टीने बांधून टाका, किंवा परवानगी असेल तर बूट घाला. पैंजण काढायचेच. कानातले रिंग आणि झुमके तर नकोतच, पण छोट्या कुड्याही नकोत. मान काखेत आवळून धरल्यावर कुडीची मागची दांडी कानामागे रुतते. चपटी चमकी काढता येत नसेल तर वरून मायक्रोपोअर टेपचा छोटा तुकडा लावा.

केसांना क्लचर लावून येणाऱ्या दर बॅचला असतात. मागे पडताना प्लास्टिकचा क्लचर फुटून टाळूत घुसतो. मागे उंच अंबाडा घातला तर उताणं पडल्यावर डोकं नीट टेकत नाही. सगळ्यात बरं म्हणजे मानेशी, कानांच्या मागे दोन घट्ट वेण्या, कापडी रबर, एकही पिन नाही. केस आखूड असतील तर कापडी हेअरबँड पुरे. आणि क्लासच्या दिवशी केसांना तेल नको, अंगाला लोशनही नको. तेलकट मनगट कुणाच्याही हातातून सुटतं, आणि आपल्याला सोडवणं जमलं असा खोटा समज होतो. शिवाय मॅट निसरडी होते ते वेगळंच. नखं बोटाच्या टोकाच्या बाहेर दिसायला नकोत. जेलची किंवा चिकटवलेली लांब नखं अडकली तर मुळापासून उचकटतात.

चष्म्याबद्दल: एकट्याने पंच-किकची हालचाल करताना मागे इलॅस्टिकचा पट्टा लावून चालेल. पार्टनर समोर आला की काढायचा. नंबर इतका असेल की समोरचा हात नीट दिसत नाही, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स, किंवा पॉलिकार्बोनेट काचांचा स्पोर्ट्स गॉगल नंबरसहित करून घ्या. काचेचा चष्मा घालून स्पारिंग, म्हणजे पार्टनरशी सरावाची लढत, नाही म्हणजे नाही.

पाय. मॅट असेल तर अनवाणी. मॅटच्या कडेपर्यंत चप्पल घालून यायचं, टॉयलेटला अनवाणी जायचं नाही. नुसते मोजे घालून टाइल्सवर उभं राहू नका, तेलावर उभं राहिल्यासारखंच ते. टाइल्सवर बूट घालून करणार असाल तर धावायचे बूट चुकीचे. त्यांची टाच जाड आणि बाहेर पसरलेली असते, आणि तळवा जमिनीला पकडून ठेवतो. गोल किक मारताना खालचा पाय चवड्यावर फिरावा लागतो. बुटाने जमीन धरली की पाऊल तिथेच राहतं, शरीर फिरतं आणि मधला गुडघा पिळला जातो. बॅडमिंटनचे नॉन-मार्किंग (जमिनीवर डाग न पाडणारे), सपाट, पातळ तळव्याचे बूट घ्या, आणि ते फक्त हॉलसाठी ठेवा. बुटांनी किक फक्त पॅडवर, माणसावर नाही. पावसाळ्यात हॉलच्या दारात पायपुसणं आहे का बघा. ओला तळवा आणि टाइल्स यांत कोणताच बूट कामाचा नाही.

तर पहिल्या दिवसासाठी तुमचा जोड असा: खिसे शिवलेली ट्रॅक पॅन्ट, जाडसर गडद टी-शर्ट, हुक नसलेली स्पोर्ट्स ब्रा, दोन वेण्या, कापलेली नखं, अंगावर धातू शून्य. पिशवीत कोरडा टी-शर्ट, पंचा, पाणी, आणि टाइल्सवर करणार असाल तर सपाट बूट. नवीन खरेदी फार तर ब्रा आणि बूट. बाकी महिनाभर थांबा, कारण चार-पाच क्लास झाल्यावरच कळतं की तुमच्या सरांचा भर उभ्याच्या कामावर आहे की जमिनीवरच्या.

नणंदेच्या म्हणण्याबद्दल. बेल्टच्या परीक्षा असलेल्या कराटे क्लासमध्ये ड्रेस लागतोच, आणि तो क्लासच सांगतो. क्राव मागाच्या क्लासमध्ये साधारणपणे टी-शर्ट आणि ट्रॅक पॅन्टच असते. तुमच्या बॅचमध्ये दोन्ही आहे, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका. घ्यायची वेळ आली तर साइज सेंटीमीटरमध्ये, उंचीप्रमाणे असते: १५०, १६०, १७० अशी. शंभर टक्के सुती ड्रेस पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटतो, म्हणून तुमची उंची दोन साइजच्या मध्ये असेल तर मोठा घ्या, गार पाण्यात धुवा आणि मगच पॅन्टची लांबी कापा. आपल्या हवेत ८ औंसाचं हलकं कापड बरं. १२-१४ औंसाचा कॅनव्हास अंगापासून सुटा राहतो आणि पंचला छान आवाज काढतो, पण मे महिन्यात तो अंगावर नको होतो. कराटेचा कोट कॉलर धरून ओढाओढीसाठी शिवलेला नसतो. त्यावर ज्यूदोचे डाव केले तर काखेत फाटतो. ज्यूदोचा कोट तांदळाच्या दाण्यासारख्या विणीचा, जाड आणि खांद्यावर दुहेरी असतो. त्यामुळे तुमच्या क्लासमध्ये कॉलर धरून सुटण्याचा सराव असेल आणि ज्यूदोचा कोट नसेल, तर जुनं डेनिमचं जॅकेट बटणं काढून आणा. काम भागतं.

संरक्षक साहित्य लगेच नको. माउथगार्ड स्पारिंग सुरू झाल्यावर. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा घ्या, आणि दातांना तारा लावलेल्या असतील तर आधी दातांच्या डॉक्टरांना विचारा. पुरुषांना जांघेचा गार्ड मात्र पहिल्याच पार्टनर सरावापासून हवा, कारण या क्लासमध्ये तिथे मारायलाच शिकवतात. क्रिकेटचा गार्ड सपोर्टरसहित चालतो. पंचिंग पॅडवर काम असेल तर हाताला ४.५ मीटरची पट्टी, आणि ती दर वेळी धुवायची.

धुण्याचं मी पुन्हा पुन्हा सांगते. क्लासचा जोड एकदाच वापरायचा, बॅगेत रात्रभर ठेवायचा नाही, उलटा करून धुवायचा आणि उन्हात वाळवायचा. म्हणजे शनिवार-रविवारला दोन जोड आलेच, आणि पावसाळ्यात तिसरा. पॉलिस्टरला फॅब्रिक कंडिशनर लावू नका, घाम ओढून घेण्याची त्याची क्षमता कमी होते. मॅटवर गजकर्ण झपाट्याने पसरतं. अंगावर गोल, खाजरा चट्टा दिसला तर मॅटवर यायचं नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम स्वतःच्या मनाने लावलं तर खाज कमी होते आणि बुरशी वाढत राहते.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे, पण वेळ चुकीची आहे. पहिले सहा-आठ आठवडे शरीराला नवी हालचाल शिकवायची असते. जीन्समध्ये गुडघा कमरेपर्यंत गेला नाही तर चूक तंत्रात आहे की कापडात, हे तुम्हालाही कळत नाही आणि मलाही दिसत नाही. शिवाय जीन्सच्या रिव्हेट आणि बक्कल मॅटला आणि माणसाला दोघांना बोचतात. हालचाल बसली की मग रोजच्या कपड्यांचा एक दिवस जरूर ठेवावा, आणि तोही अर्ध्या वेगात.

त्या दिवशी काय कळतं ते सांगते. न ताणणाऱ्या जीन्समध्ये किक गुडघ्याच्या वर जात नाही. म्हणून नडगीवर लाथ आणि टाचेने पावलावर आघात, हेच हाताशी राहतं. साडीत पाऊल अडतं ते साडीमुळे कमी, आतल्या परकरामुळे जास्त. घेरदार परकरात टांग पडते, चीर नसलेल्या शेपवेअरमध्ये पडत नाही. निऱ्या जमिनीला टेकत असतील तर मागे सरकताना टाच त्यांवर पडते, आणि त्या उचलायला एक हात कायमचा जातो. घोट्यापर्यंत नेसलेली साडी इथे दोन हात परत देते. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळात बायका नऊवारीचा काष्टा घालून लाठी आणि दांडपट्टा फिरवतात, तिथे हा प्रश्नच येत नाही, कारण दोन्ही पाय वेगळे झालेले असतात.

ओढणी आणि पदर यांचा धडा वेगळाच. ओढलं गेलं की हात आपोआप ओढणी धरायला जातात, चेहरा उघडा पडतो आणि आपण स्वतःच तिच्या दुसऱ्या टोकाला लटकतो. सराव करायचा तो सोडून देण्याचा: ओढणी खांद्यावर सुटी टाकायची, पार्टनरने ओढायची, तुम्ही ती जाऊ द्यायची आणि मोकळ्या हातांनी दोन पावलं बाजूला निघायचं. गळ्याभोवती गुंडाळलेली ओढणी क्लासमध्ये कुणीही, कितीही हळू, ओढायची नाही. त्या दिवशी एकही सेफ्टी पिन अंगावर नको. स्कूटीवर तोंडाला बांधायच्या स्कार्फलाही हेच लागू. मागे मानेवर मारलेली पक्की गाठ मागच्याला आयती मूठ देते, म्हणून टोकं आत खोचा, गाठ मारू नका. ऑफिसच्या आयडी कार्डाची दोरी मानेमागे ओढल्यावर आपोआप सुटणाऱ्या क्लिपची घ्या, ती स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

आडवी टाकलेली स्लिंग बॅग, टाचेचे सँडल, रेनकोट हेही त्या दिवशी आणा. रेनकोटची टोपी घातल्यावर बाजूचं किती कमी दिसतं हे एकदा बघाच. सँडल मात्र मॅटवर नाहीत, टाइल्सवर आणि फक्त चालण्याच्या, मागे सरकण्याच्या सरावापुरते. काय घालून येणार ते सरांना दोन दिवस आधी सांगा, म्हणजे ते त्याप्रमाणे सराव ठरवतील. फाटलं तरी चालेल असाच कुर्ता निवडा, आणि घरी जाताना घालायला दुसरा पिशवीत असू द्या.